तिसरी पिशवी

पहाटे साडेपाचला खडेबाजारच्या मागच्या गल्लीत
नूरअहमद बेपारी माझ्यासाठी वेगळं काढून ठेवतो:
बकऱ्याच्या लहान आतड्याचा वरचा हातभर तुकडा.
कशाला लागतं, हे त्यानं बावीस वर्षांत एकदाच विचारलं.
‘पोरं शिकतात,’ म्हटलं.
‘मग पैसे कशाचे,’ म्हणाला, आणि तरी घेतले.

थर्मासमध्ये बर्फगार क्षारपाणी.
सायकलवरून कॉलेज बारा मिनिटं.
बकरा मेलेला असतो, आतडं अजून नसतं.
हा फरक मला शिवलीला हणमन्नवरनं समजावला,
गोकाकची पोर, एम. फार्म. दुसरं वर्ष,
मराठी बोलते ती दर तिसऱ्या शब्दाला कन्नडला टेकत.

आतडं काचेच्या कांडीवर उलटं करायचं,
मोजा उलटा करतात तसं,
आतली मखमल बाहेर.
दोन्ही तोंडं धाग्यानं बांधायची, पोटात स्वच्छ पाणी,
आणि लाल रंगाच्या भांड्यात सोडायचं.
माशांच्या टाकीचा पंप बुडबुडत राहतो.
तासाभरानं बघायचं, रंग आत किती गेला.

नुसता रंग असेल तर फारसा जात नाही.
पेशी पेशीला धरून उभी असते,
आणि धरायला कॅल्शियम लागतं.
मग ती इडीटीए टाकते, चिमूटभर पांढरी पूड.
शांपूत असते ही. रक्त काढतात त्या
जांभळ्या टोपणाच्या नळीतही असते.

या पुडीचं काम मला सांगायला नको.
माझं लहानपण मार्कंडेयच्या काठावर गेलं.
दगडाखाली हात घालावा तर
खेकडा डेंग्यांत बोट धरतो, सोडत नाही.
पूड कॅल्शियमला तशीच धरते,
एकेक कण उचलून नेते.
पेशी मरत नाहीत, फुटत नाहीत,
नुसत्या जरा सरकतात,
पंगतीतली माणसं उशिरा आलेल्याला
जागा करून देतात तशा.
आणि ज्याला बोलावलं नव्हतं तेही आत येऊन बसतं.

आमच्याकडं सीमा म्हटलं की
चहाच्या टपरीवर आवाज चढतात.
मी त्या सीमेबद्दल बोलूलो नाही.
ही केसाच्या हजाराव्या भागाहून बारीक,
हिच्यावर कुठल्याच भाषेतला फलक मावत नाही.

काल पहिली पिशवी साधी. पाणी जवळजवळ नितळ.
दुसरीत पूड. अल्कलीचा थेंब टाकला
आणि नळीत तेरडा फुलला.
तिसरी पुन्हा साधी.
तीही गुलाबी.

शिवलीलानं नळी खिडकीकडं धरली.
भांडं धुतलं होतं का, पाणी कालचं का, सगळं विचारलं.
मी धाग्याकडं बघत होतो.
गाठ माझी होती.
दसऱ्यापासून उजवा अंगठा माझं ऐकत नाही.
घरी सांगितलेलं नाही. इथं तर नाहीच,
नोकरीची अजून चार वर्षं आहेत.

तिनं गाठ बघितली, मग माझा हात.
वहीत लिहिलं: पिशवी तीन, गाठ सैल, हिशोबात धरू नये.
कुणाची गाठ, ते लिहिलं नाही.
‘इरली बिड्री काका,’ म्हणाली.

दुपारी तिनं एका भांड्यात कॅल्शियम परत घातलं.
फट मिटते म्हणे,
पण अगदी पहिल्यासारखी नाही, थोडं झिरपतंच.
थोडं म्हणजे किती, ते आकडे तिच्याकडं.

आज थर्मास घेऊन पोचलो
तर धागा तिनं आधीच कापून ठेवलेला, वीत-वीत.
आतडं कांडीवर चढवलं.
एक टोक माझ्यापुढं धरून म्हणाली,
‘तुम्ही नुसतं बोट ठेवा गाठीवर,
ओढते मी.’