भाव शे मंग

महिरपी कंस तिसऱ्या पानावर राहतो.
आधी आकड्यांचं पान उघडायचं, मग चिन्हांचं,
तेव्हा सापडतो, कोपऱ्यात, अंग चोरून;
आणि उघडला की मिटवायला पुन्हा तेवढंच चालायचं.
अडावदच्या केळीकाट्यावर, एका हातात पावतीपुस्तक,
दुसऱ्या हाताचा फक्त अंगठा मोकळा,
मी मोजलं: चार ओळींच्या हिशेबाला एकसष्ट टिचक्या,
त्यातल्या सव्वीस नुसत्या जाण्यायेण्याच्या.

ज्यांनी त्या भाषा घडवल्या
त्यांच्यापुढे टेबल होतं, दहा बोटं होती
आणि बहुधा पंखा.

मी कंस काढून टाकले.
अर्धविराम काढला. ओळ संपली की संपली,
माणूस बोलून थांबतो तशी.
बरोबरचं चिन्ह काढलं, तिथं घरातला शब्द बसवला:
वजन शे बावीस
दांडा शे दोन
शाळेत या 'शे'वर अख्खा वर्ग हसला होता.
यंत्र हसत नाही.

शब्दाच्या पोटात आणखी काही असेल
तर त्यावर अंगठा दाबून धरायचा,
तो उलगडतो केळीच्या खोडासारखा, सोपटाआड सोपट.
लिहायचं थोडंच. पुढे काय येऊ शकतं
ते भाषेलाच ठाऊक; ती पाच-सहा शब्द पुढे सरकवते,
घे यातलं.
पावतीच्या पाठीवर मी अंगठ्याचा टप्पा आखला,
एक वाकडी कमान.
रोजचं सगळं कमानीच्या आत.
'पुसून टाक' पार वर, डाव्या कोपऱ्यात,
जिथं पोचायला पुस्तक खाली ठेवावं लागेल
आणि तेवढ्यात विचार बदलेल.

मे महिन्यात काच घामालाच बोट समजते.
एकदा फोननं शहाणपणानं 'दांडा'चा 'दादा' केला,
दिवसभर प्रत्येक घडातून दादा वजा होत राहिला.

मग कापणीच्या टोळीतला रुबाब तडवी म्हणाला, मले दे.
चिकानं काळा पडलेला त्याचा अंगठा
त्याच्या स्वतःच्या फोनला ओळखू येत नव्हता.
तीन ओळी सरळ गेल्या. चौथीवर अडला.
"भाव आजून उना नही, ताई. काय लिखू?"
शून्य लिही, मी म्हणाले.
"शून्य कसा? भाव शे. मंग शे."

चार महिने मी खपत होते.
आकडे होते, शब्द होते, हो होतं, नाही होतं.
जे आहे पण अजून यायचंय
त्याला माझ्या भाषेत जागाच नव्हती,
आणि मी राहते अशा गावात
जिथं बाकी काही नसतंच.

त्या रात्री ट्रक भरेपर्यंत शेडमध्ये बसून घातला तो शब्द.
वीस गुणिले मंग, मंग.
मंग वजा हमाली, तरी मंग.
सोबत नेता येतो, खर्च करता येत नाही.

साडेनऊला बऱ्हाणपूरहून भाव आला
आणि रुबाबच्या काचेवर सगळे मंग एकदम फुटले.
बेरीज पावतीपेक्षा एक्केचाळीस रुपयांनी जास्त.
पावती माझ्या अक्षरातली.
तो काही बोलला नाही.
अंगठा बनियनला पुसला
आणि त्या आकड्यावर दाबून धरला,
आत काय आहे ते बघायला.