डावा खांदा अर्धा इंच उतरता

अनोळखी पुरुष. वय अंदाजे तीस ते चाळीस.
बांधा सांगता येत नाही.
अंगावर टेरिकॉटचा शर्ट, रंग सांगता येत नाही.
खिशात कंगवा, दोन दाते कमी.
पारोळा रस्त्यालगतच्या विहिरीचा गाळ काढताना मिळून आला.
एवढ्यावर कागद सतरा वर्षं झोपला.

आम्ही त्याला उठवायला बसतो दर गुरुवारी,
अमळनेरात, हिलाल शिंप्याच्या बंद दुकानाच्या ओट्यावर.
शकीलसर, ड्रॉइंगचे, निवृत्त,
कवटीच्या फोटोवरून गाल काढतात आणि खोडतात,
गालांना हाडाचा पुरावा नसतो म्हणून.
उखर्डू आप्पा कंपाउंडर होते. त्यांना तालुक्यातली मोडलेली हाडं
माणसांपेक्षा जास्त लक्षात आहेत.
आणि मी. मी जन्मभर काजं केली.
चार आणे काज.

पोलीस हसतात. हवालदार मात्र चहा पिता पिता
फोटो टेबलावर विसरतो, आणि बराच वेळ विसरतो.

फोटोत माती, मातीत कापड
(टेरिकॉट माणसापेक्षा चिवट),
कापडात चौथ्या बटणाचं काज.
भिंग धरलं.
टोकाला तीन टाके जास्तीचे, डावीकडे झुकलेले.
आई ओरडायची त्यावरून, दोरा फुकट घालवतेस म्हणून.
तेव्हा मला सही येत नव्हती.
हीच होती.

त्या रात्री जेवण गेलं नाही.
कोणाच्या तरी छातीवर, विहिरीच्या तळाशी,
इतकी वर्षं माझा हात होता.

हिलालच्या सुनेनं माळ्यावरून मापवही काढली.
झटकली तर अर्धी वही जमिनीवर पडली.
दोन गुरुवार गेले. तिसऱ्या गुरुवारी सापडलं:
उंची एकोणतीस, छाती चौतीस, बाही साडेतेवीस,
डावा खांदा अर्धा इंच उतरता.
आप्पांनी चष्मा काढून पुसला.
गळ्याजवळचं हाड मोडून वाकडं जुळलं, म्हणाले,
की खांदा असाच उतरतो.
पंचनाम्याच्या तिसऱ्या पानावर ते वाकडं हाड होतंच.
तिसऱ्या पानापर्यंत कोणी गेलं नव्हतं.

नावाच्या जागी कसरीनं खाल्लेलं भोक.
भोकाच्या पुढे हिलालचं अक्षर:
चुनीलालचा जावई. शिलाई ४५. बाकी ११.

चुनीलाल तीन निघाले.
एकाला मुलीच नव्हत्या. एकाचा जावई आम्हाला पान खाऊ घालून गेला.
तिसऱ्याचं गाव मांडळच्या पुढे, बस दिवसातून दोनदा.

त्याची मुलगी अंगणात दादर पाखडत होती.
शकीलसरांनी चित्र गुंडाळलेलंच ठेवलं.
तिनं एवढंच विचारलं, "खांदा?"
डावा, मी म्हटलं.
"गाडावरथीन पडना व्हता. लगीननं आगोदर."
सूप थांबलं नाही.
"आम्हले वाटे, सुरतले गया. तठे दुसरी करी व्हई."
मग थांबलं.
"एकवीस वरीस शिव्या दिध्यात मी त्याले."

दादरीवर कोंबडी आली, तिला कोणी हाकललं नाही.

विहिरीत तो गेला कसा, ते आम्हाला सांगता येत नाही.
बाकीचं मी काढायला नको होतं. काढलं.
ती आत गेली, दहाची नोट आणि एक रुपया घेऊन आली.
सर नको नको म्हणत राहिले.
मी घेतले. न घेते
तर तो तो नव्हेच, असं झालं असतं.

नाव तिनं घेतलं नाही. नातवाला खूण केली,
त्यानं बसच्या तिकिटामागे लिहून दिलं, गिरधर,
र वर चुकून रफार देऊन, मग तो खोडून.

परतीच्या बसमध्ये सरांनी चित्र उलगडलं.
कपाळ, डोळ्यांच्या खोबण्या, हनुवटी. गाल कोरे.
तिला विचारायचं राहिलं, म्हणाले,
भरलेले होते की बसलेले.