खालून दिलेला शब्द

कुटाइसीच्या थिएटरात, ज्या हिवाळ्यात वीज नव्हती,
मी रंगमंचाच्या पोटातल्या पेटीत बसायचे:
मांडीवर घोंगडं, एका हातात मेणबत्ती, दुसऱ्यात संहिता.
नट विसरला की शब्द द्यायचा. एवढंच काम.
तिथून चेहरे धड दिसत नसत. दिसत ते बूट.
नायकाचे धड होते.
खलनायकाच्या उजव्या बुटाला भोक, आत पुठ्ठा,
पुठ्ठ्यावर चहाच्या खोक्यावरचं अर्धं अक्षर.

नाटकात तो धान्यकोठाराचा रखवालदार.
दुष्काळ पडतो, तो दार लावतो.
लेखकाने त्याला शिंगं दिली नव्हती,
आवाज चढवायलाही एक जागा नव्हती.
दिली होती एक आजारी मुलगी, आणि सुंदर हस्ताक्षर.
तो म्हणतो:
*मी कुणाला मारलं नाही. मी मोजलं.
पोती तीनशे, तोंडं चारशे.
कुणीतरी मोजायला हवं.
दार मी लावलं, खरं आहे,
पण कडी घालताना तुम्ही दिवा धरला होतात.*

इथे रोज कुणीतरी खोकायचं.

एल्गुजा, जो ते काम करायचा,
प्रयोगानंतर पेटीपाशी उकिडवा बसायचा.
"नानुली, ह्याचं एक तरी खोटं वाक्य दाखव मला.
एक. म्हणजे त्यावर मला आवाज टांगता येईल."
मी लाल पेन्सिल घेऊन रात्रभर शोधलं.
बेरीज बरोबर होती. वजाबाकी बरोबर होती.
मुलीविषयी बोलताना तो खरंच रडत होता.
पहाटे एवढंच हाती लागलं:
चाळीस पानांत, मुलगी सोडली तर, तो कुणाचंही नाव घेत नाही.
तोंडं म्हणतो.

जानेवारीत एकदा, प्रेक्षक कोट घालून बसलेले,
त्याला विचारलं जातं, *आणि ते दारातलं मूल?*
आणि एल्गुजा गप्प.
मी शब्द दिला. बूट हलले नाहीत.
पुन्हा दिला, जरा मोठ्याने.
तिसऱ्यांदा तो साऱ्या थिएटरने ऐकला,
जमिनीखालून, बाईच्या आवाजात:
*मूल रडत होतं.
म्हणजे ते अजून जिवंत होतं,
म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं.*

कुणी खोकलं नाही.
एल्गुजाने ते वाक्य नंतर म्हटलंच नाही.
गरज उरली नव्हती.
मला वाटलं होतं, त्याचे शब्द माझ्या तोंडात
उष्ट्या घासासारखे लागतील.
ते सरळ उतरले. माझ्याच मापाचे होते.

दुसऱ्या दिवशी पावाच्या रांगेत पाटी माझ्याकडे होती.
पाव पंचवीस, त्यामुळे पंचवीस जणांच्या तळव्यांवर
शाईने आकडे घालायचे. बोटं गारठलेली, शाई फुटायची.
सव्विसावी म्हातारी पुढे आली, तळवा उघडून.
मी म्हटलं, "संपले आकडे.
कुणीतरी मोजायला हवं ना, बाई."
कुणी वळून पाहिलं नाही. मागच्या एकाने तर मान डोलावली,
वाक्य शहाणपणाचं होतं.

ती पुलाकडे निघाली, रिओनीवर धुकं होतं,
आणि तिच्या चालीवरून मला आठवलं: ही एतेरी.
माझ्या बहिणीच्या बाळंतपणात
हिने दोन रात्री पाणी तापवलं होतं.
हाक मारता आली असती. पूल लांब नव्हता.
माझा आकडा अकरा होता.
पाव गरम होता, मी तो कोटाच्या आत धरला.

संध्याकाळी समासात पेन्सिलीने लिहिलं: एतेरी.
*तोंडं चारशे* ह्या ओळीच्या शेजारी, बारीक.
बूट आले. पुठ्ठा बदललेला होता.
त्या ओळीपाशी एल्गुजा थांबला,
खरंच विसरला, की मला संधी दिली, कोण जाणे.
त्याने खाली पाहिलं.
मेणबत्ती जळत होती, अक्षर स्वच्छ दिसत होतं,

आणि मी छापलेलं तेवढंच दिलं.