अस्तर

रस ब्रॅनिक गेल्याचं होर्तेन्सियाने फोनवर सांगितलं
तेव्हा मी काज करत होते.
काज अर्धं सोडता येत नाही, दोरा ढिला पडतो.
मी म्हटलं, हं.
आणि पुरं केलं.

चौदा वेळा मेला तो पडद्यावर.
गोदीत, लिफ्टमध्ये, भर पावसात गल्लीत
(पाऊस होजपाइपचा,
लॉस एंजेलिसमध्ये एवढा पाऊस कोणी पाहिलाय),
एकदा न्हाव्याच्या खुर्चीत, गालावर फेस तसाच.
चौदाही भोकं माझ्या हातची.
कापड आतून वस्तऱ्याने विरवायचं,
कडा सिगारेटने जाळायच्या,
मागे चॉकलेटच्या पाकाची पिशवी.
कृष्णधवलात तोच रक्तासारखा दिसतो.
आमच्या कपडेपटात बारा महिने मुंग्या असायच्या.

त्याचा प्रत्येक सूट तीन नग शिवायचा, असा वरून हुकूम होता.
एक जगायला, एक मरायला
आणि एक, रात्री तो जे करेल त्यासाठी.

तो तिसरा सकाळी माझ्या टेबलावर यायचा.
बाही खांद्यापासून उसवलेली. खिशात
कोर्टाचं समन्स, घडीही न मोडलेलं.
एकदा दात. त्याचा नव्हे.
आणि नेहमी साखरेचे दोन-तीन चौकोन.
तबेल्यातल्या आंधळ्या घोडीसाठी असतील,
असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.
स्वतःच खायचा.
दारू सोडलेल्या आठवड्यांत.

काय डोळे होते, म्हणतात लोक आता.
मला डोळे ठाऊक नाहीत.
माझी नजर त्याच्या कॉलरपाशी,
तिथे एक शीर होती.
ती उडायला लागली की मी तोंडातल्या टाचण्या काढायचे
आणि दोन पावलं मागे.
एकदा त्याने इस्त्री भिरकावली.
माझ्यावर नाही, माझ्या दिशेने.
हा फरक मी तीस वर्षं जपून ठेवला,
चांगल्या कापडाचा तुकडा ठेवावा तसा.
कशासाठी, कोण जाणे.

व्हरमाँट रस्त्यावरच्या हॉटेलातला वेटर, एफ्राइन,
त्याचं मनगट मोडलं एका शनिवारी.
वकिलाने दोनशे डॉलर मोजले.
पुढे तो डाव्या हाताने रुमाल घडी करायला शिकला.
कुठल्याच श्रेयनामावलीत तो नाही.
म्हणून इथे लिहिते.

तरी खोटं बोलणार नाही. नट होता तो.
बाकीचे रागाचा अभिनय करत,
हा राग नसल्याचा.
दिग्दर्शक ‘कट’ म्हणाला की
तेवढा अभिनय संपायचा.

अडुसष्टाव्या वर्षी बॉइल हाइट्सच्या माझ्या दुकानात आला.
भाजीबाजारात रात्रीचा पहारेकरी.
गणवेश अंगावर मावेनासा नव्हे, अंगच त्यात हरवलेलं.
छातीला टेप लावली. चव्वेचाळीसचे अडतीस झाले होते.
हात त्याने न सांगता वर केले,
सिनेमात कधीच केले नव्हते.
म्हणाला, एटेल्का, ती इस्त्री आहे अजून?
म्हटलं, आहे. वायर बदलली.
त्याने पैसे मोजून ठेवले.
चाळीस सेंट जास्त होते.
मी हाक मारली नाही.

अंत्यविधीला आम्ही सात जण, पाद्री धरून.
एक बाई चुकून आलेली, पण बसून राहिली.
बाहेरच्या फलकावर त्याचं खरं नाव होतं,
काझिमेझ ब्रोनिएक.
त्या नावाच्या माणसाला कोण ओळखणार?

कोट उसना असावा, दोन नंबर मोठा.
सवयीने माझा हात आत गेला, डाव्या बाजूला,
जिथे नेहमी भोक असायचं.
अस्तर धड होतं. गुळगुळीत.
पाठीमागे कोट टाचण्यांनी आवळलेला,
आम्हीही कॅमेऱ्यासाठी असंच करायचो.
बोटांनी मोजल्या, पाच.
एक वाकडी होती, बाहेर आलेली,
टोचली असती.
ती काढून मी माझ्या कॉलरला लावली.