ठिपका

सीताबर्डीच्या दुकानात पोरानं काचेवर तीन यंत्रं मांडली,
विचारलं, काका, ट्रेकिंगला?
मी म्हणालो, डुकरांसाठी.
तो हसला. मग परवान्याचा कागद पाहिला,
वनखात्याचा शिक्का, गावाचं नाव, गट नंबर,
आणि हसायचा थांबला.

पहिलं देखणं. बोटानं सरकणारा नकाशा,
दिल्लीपासून माझ्या धुऱ्यापर्यंत सगळं रंगीत.
पण हरभऱ्याच्या आंबेनं खरखरीत झालेली माझी बोटं
त्याला ओळखू येईनात.
मागे लेतू टेकाम, चपला दाराबाहेर काढून आलेला,
म्हणाला, "मास्तर, हे तं नवरदेव हाये. रात्री जागाच्या कामाचं नाई."

दुसरं हलकं, खिशात मावणारं,
बॅटरी पोटातच, चार्जर वेगळा.
आमच्याकडे लाईन येते रात्री बारानंतर,
ती मोटारीला द्यायची की याला?

तिसरं जाडजूड, पिवळ्या कडेचं,
वजनाला अर्धी वीट.
बटणं अशी की थंडीनं बधिरलेल्या अंगठ्यालाही कळावीत.
साधे सेल लागतात, तीन,
आमच्या किराण्यात बिडीबंडलांच्या शेजारी मिळतात ते.
आणि वायरलेस: दाबा, बोला, सोडा, ऐका.
पोरगा म्हणाला, पाच किलोमीटर.
लेतू म्हणाला, "सागाच्या पानातून?"
पोरगा म्हणाला, मोकळ्यात पाच.
लेतूनं मान हलवली,
बैलबाजारात दात मोजून झाल्यावर हलवतो तशी.

मग पोरानं जरा कंटाळतच सांगितलं,
एकानं बटण दाबून बोललं
की दुसऱ्याच्या पडद्यावर त्याचा ठिपका येतो,
कुठं उभा आहे तो.
हे फारसं कुणी वापरत नाही, म्हणाला.

मी लेतूकडे पाहिलं नाही.
त्याच्या खांद्यावर तीच करडी कांबळ होती.
दोन वर्षांपूर्वी, पौषात,
तुरीत सळसळ झाली, मी बार टाकला,
आणि तुरीतून डुक्कर नाही, शिवी आली.
इतकी सुंदर शिवी मी जन्मात ऐकली नाही.
कांबळीला सात भोकं. माणसाला एकही नाही.
त्याची बायको रफू करते म्हणाली, तर यानं करू दिलं नाही.
"राहू दे, हवा येते."

मी किंमत विचारली. एकाची.
मग कळलं, दोन घ्यावी लागतील,
एकट्याचा ठिपका एकट्यालाच दिसून काय उपयोग.
खिशात गोठ्यावर टाकायच्या पत्र्यांचे पैसे होते.
लेतू म्हणाला, "एवढ्यात तं चार बकऱ्या येते, अन् वर एक पिल्लू."
मी पोराला म्हणालो, बांध.

काल पहिली रात्र.
मचाणावर मी, नाल्याच्या अंगानं लेतू.
पडद्याचा उजेड टोपीत झाकून धरलेला.
खरखर झाली: "मास्तर, मी पळसाखाली."
कोणत्या पळसाखाली, मी विचारलं.
यंत्राला पळस ठाऊक नव्हते,
सपाट हिरव्या रंगावर एक ठिपका तेवढा आला
आणि थांबून राहिला.

मग सळसळ. तुरीतच.
ठिपका आणि सळसळ यांच्यात बोटभर अंतर.
बोटभर म्हणजे किती हात
ते पोरानं सांगितलं होतं, मी विसरलो.
बंदुकीचा घोडा हळूच खाली घेतला,
आणि पहाटेपर्यंत डुकरं जेवताना ऐकत बसलो.
जेवतात मात्र निवांत, पंगतीला बसल्यासारखी.

सकाळी पाहिलं, सहा तास तूर झोपलेली,
धुऱ्याशी माती उकरलेली,
आणि पळसाखाली बिडीची तीन थोटकं.
चहा देताना बायको म्हणाली,
एवढ्या पैशात मारलं काय?
लेतू कांबळ झटकत म्हणाला,
"मले नाई मारलं, वहिनी."