एक पूर्णांक आठ ग्रॅम

सव्वीस वर्षं मी इतवारीत तराजू तपासले.
पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक,
बुडातून पोखरलेली वजनं,
आणि तूर मापता मापता हळूच टेकणारा अंगठा.
हरकचंद मुणोतांचा दोनदा पकडला.

निवृत्त झाले त्याच आठवड्यात ते आले,
ऑटोतून, मांडीवर खोकं घेऊन.
अकरा तबकड्या.
वाजवायचं यंत्र केव्हाच भंगारात गेलं, म्हणाले.
आता घ्या बाई.
आता ही लाच होत नाही.

सदरला दुसऱ्या मजल्यावर डोईफोडेचं दुकान.
"कितीदा आयकान ताई?"
महिन्यातून एकदा. कधी दोन महिन्यांतून.
"मंग थे पेटीवालं न्या ना, साडेचार हजाराचं.
रोज थोडीच वाजवाचं हाये तुमाले."
लाल रेक्झिन, आतच स्पीकर, गोजिरवाणी पेटी.
मी पर्समधून खिशात मावणारा काटा काढला
आणि तिची सुई त्यावर टेकवली.
पाच पूर्णांक सहा.
डोईफोडे म्हणाला, बाप्पा.

कधीतरी ऐकणाऱ्याची तबकडी
कधीतरीच झिजते, हे खरं.
पण झिजलेली खोबण
पुढच्या महिन्यापर्यंत भरून येत नाही.
पाव किलोत पाच ग्रॅमसाठी
मी माणसांना कोर्टात उभं केलंय.

मग त्यानं आतलं यंत्र आणलं, फडक्यात गुंडाळलेलं.
ना दिवे, ना रिमोट.
जड थाळी, रबरी पट्टा,
आणि एक दांडी:
एका टोकाला सुई, दुसऱ्या टोकाला फिरवायचं वजन.
मी हसलेच.
हा तर तराजू!
आधी दांडी अधांतरी तोलायची, शून्यावर,
मग वजन केसभर पुढे.
एक पूर्णांक आठ.
डोईफोडेला सांगावं लागलं नाही,
त्यालाच मी दाखवलं.

अडतीस हजार.
बहीण म्हणाली, एवढ्यात एसी आला असता.
आला असता.

घरी पाणसळ ठेवली. कपाट डावीकडे कललेलं निघालं.
एकवीस वर्षं त्यावर देव होते,
कुणाची तक्रार नव्हती.
पायाखाली पुठ्ठ्याच्या दोन घड्या घातल्या.
तबकड्या पश्चिमेच्या खोलीतून हलवल्या,
तिथे मे महिन्यात मेणबत्त्याही नमस्कार घालतात.
राहिला कूलर.
तो चालू असला की फरशी थरथरते
आणि फरशीबरोबर सुई.
म्हणजे एक तर वाळ्याचा गारवा,
नाही तर हे.

रविवारी रात्री साडेनवाला हरकचंदजी आले,
एक्क्याऐंशीचे, जिन्यावर तीनदा थांबून.
मी कूलर बंद केला.
भिंती अजून दिवसभराचं ऊन परत करत होत्या.
दांडी उतरली.
आधी नुसती खरखर,
कोरड्या पारड्यात तूर ओतावी तशी.
ते डोळे मिटून बसले होते.
खुर्चीच्या हातावर त्यांचा अंगठा
हलके हलके टेकत होता,
समेच्या जरासा आधी.

हे मी पाहिलं.
बोलले नाही.