खळगे

गालिचा खांद्यावरून उतरवत
सोल्माझ म्हणाली, "चार खळगे आहेत. आणि एक भोक."
एवढंच. चहाही घेतला नाही.

तब्रीझच्या बाजारात, या विटांच्या छताखाली
एकतीस वर्षं रफू करतोय मी.
आधी हात फिरवतो, डोळे मागाहून.
हाताला लगेच कळलं :
सावलान डोंगरावरची मेंढी, वसंतातली कातरण.
इतक्या वर्षांनीही बोटांना किंचित मेण लागतं.
या मेणावर सांडलेला चहा
फडकं सापडेपर्यंत थेंबाथेंबाने थांबून राहतो,
अवघडलेल्या पाहुण्यासारखा.

लाल मंजिष्ठेचा, अजून तसाच तापलेला.
तपकिरी तेवढा झिजलाय.
रंगाऱ्याने लोखंडाचं पाणी जास्त घातलं असणार;
त्यात लोकरीचा काय दोष?

खळगे पलंगाच्या पायांचे.
वडील अकरा वर्षं त्या पलंगावरून उठले नाहीत,
असं तिचा भाचा सांगून गेला.
मी मनात म्हटलं, अकरा वर्षं म्हणजे काय मोठंसं!
लोकर जन्माचीच कुरळी,
तिला वाकणं ठाऊक, मोडणं नाही.
ओलं फडकं, केटलीची वाफ,
मग हाडाची फणी, लवीच्या उलट, हलक्या हाताने.
कुलूप लावताना पाहिलं तर
ती एकेक धागा उठून बसत होती.

सकाळी चारही जागा सपाट.
शेजारी बह्‌लूल नायलॉनचे गालिचे विकतो,
त्याला मुद्दाम बोलावून दाखवलं.
"माझा असता," तो म्हणाला,
"तर मरेपर्यंत ते पाय धरून बसला असता."
आम्ही दोघंही हसलो.

सोल्माझ आली, गुडघ्यांवर बसली,
तळव्याने चाचपत राहिली.
"कुठे आहेत?"
"गेले," मी म्हणालो, शाबासकीची वाट बघत.

"इथे उशाकडचा पाय होता.
त्याला टेकून मी बसायचे.
उचला म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?"

मला उत्तर सुचलं नाही.
खरं तर तिने फक्त मोजले होते.

भोक तेवढं राहिलं होतं, दुसऱ्या दिवसाचं काम.
त्यांच्या हातातून सिगरेट पडलेली, मध्यरात्री.
लोकर पेटली नाही, धुमसली जराशी,
केस जळल्यासारखा वास सुटला, आपोआप विझली.
"त्या वासाने मी जागी झाले," ती म्हणाली.
"पाहिलं तर ते माझ्याकडे बघत होते,
चोरी पकडलेल्या मुलासारखे."

करंगळी तिने भोकात घातली.
नेमकी बसली.
"हे राहू दे."

पैसे मात्र तिने पुऱ्या रफूचे मोजले.
भाच्याने गालिचा उचलला
आणि गल्लीच्या वळणापर्यंत
ती त्याला सांगत होती, घडी घालू नकोस, गुंडाळ.

त्या लालाशी जुळवून रंगवलेला दोरा
फळीवर आहे अजून, वीतभर.
दुसऱ्या कुठल्या लालाशी तो जुळत नाही.